वायर कोणी जाळली?

मित्रांनो, मी वायरीवर चालणारी एक जुनी इलेक्ट्रॉनिक सिगारेट आहे. तुमच्या हाती मी कधीच पडू नये, हे आधीच सांगते. माझ्या पोटात बॅटरी नाही. वायर संगणकात खोचली की आतली बारीक तार तापते आणि वाफ निघते.

येल्ते हा नेदरलँड्समधल्या हार्लिंगन बंदराच्या कचेरीत बोटींची वेळापत्रके लावतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सिगारेट सोडण्यासाठी त्याने मला आणले. तीन वर्षे मी त्याच्या घरच्या टेबलावर राबले. त्याची बायको चित्स्के येईल त्याला सांगे, "हिनंच याची सिगारेट सोडवली." मी फुलून जात असे.

एका शनिवारी ती बाजारात गेली असताना येल्तेने पेचकस काढला आणि मला उघडले. तार फार तापली की वीज तोडणारा एक इवलासा तुकडा माझ्यात होता. जास्त वाफ निघावी म्हणून तो त्याने उपटला, वर जाड तार बसवली. मी भ्याले, पण मला बोलता कुठे येते?

पंधरा दिवसांत माझी वायर आतून वितळली. मी मध्येच चाले, मध्येच बंद पडे. मग कायमची गप्प झाले.

"खुर्चीचा पाय ठेवलास ना वायरीवर?" येल्तेने बायकोला विचारले.

"मी? मी त्या टेबलाला हातसुद्धा लावत नाही."

"तुला ती मुळातच नको होती."

"आणि तुला खरी सिगारेट ओढायला निमित्त हवंय!"

त्या दिवसापासून ती त्याच्या कोटाचा वास घेऊ लागली. तिची चाहूल लागली की तो मला टाकलेला टेबलाचा खण बंद करी.

शेवटी चित्स्केनेच मला वाचनालयात नेले. तिथे महिन्यातून एकदा हार्मेन नावाचे वृद्ध गृहस्थ लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करतात. येल्तेही मागोमाग आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हिला आधी कोणीतरी उघडलंय," भिंग लावून हार्मेन म्हणाले. "हा तार जोडल्याचा डाख बघा, चिखल थापल्यासारखा. आणि सुरक्षेचा तुकडा कुठाय?"

चित्स्केने नवऱ्याकडे पाहिले. तो कॉफीच्या कपात बघत राहिला.

"नशीब समजा बाई, नुसती वायर गेली. घर पेटलं असतं."

"महिनाभर मला गुन्हेगार ठरवलंस," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि मी मेली तुझ्या कोटाचे वास घेत बसले."

"मला ती कमी पडत होती गं. पण तू सगळ्यांना इतक्या कौतुकानं सांगायचीस... लाज वाटली."

"जास्त जोर हवा असेल तर मी हात लावणार नाही," हार्मेननी बजावले.

"होती तशीच करून द्या," चित्स्के म्हणाली. "कमी पडली तर हा मला सांगेल. सांगशील ना?"

येल्तेने मान हलवली.

"तोंडानं बोल."

"सांगीन."

आता कधीकधी तो म्हणतो, "आज ही कमी पडतेय, जीव कासावीस होतोय," आणि दोघे धक्क्यावर फिरायला जातात. चित्स्के मात्र दर महिन्याला मला स्वतः उघडून बघते. मलाही येल्तेच्या हाताचा पुरता भरवसा वाटत नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा. चुकून बिघडवलीत, तर "मी बिघडवली" एवढे म्हणा. हार्मेननी माझी तार तासाभरात बसवली. त्या दोघांची दुरुस्ती अजून चालू आहे.