बिनफवारणीचं काळीज

जरा पुढं सरका, मंडळी. टाळ मांडीवर ठेवा, बुवा यायला अवकाश आहे. तोवर आमच्या दुसरबीडच्या रंगरावांची कथा ऐका. पुराणातली नाही, पण राक्षस आहे तिच्यात, आणि तो गुलाबी रंगाचा आहे.

रंगरावांचं कृषी केंद्र. बी, खत, औषध सगळं मिळायचं, पण खरा माल त्यांच्या जिभेवर. बीटी कपाशीचं त्यांनी काउंटरवर उभं राहून असं निरूपण केलं, की आमच्या बुवांनी ऐकलं असतं तर वीणा उतरवून ठेवली असती. अळीचं औषध बियाण्याच्या आतच आहे, एकदा पेरा आणि फवारणीचा पंप माळ्यावर टाका. लोकांनी टाकले. थैलीत साध्या बियाण्याचं एक छोटं पाकीट यायचं, वावराच्या काठानं पेरायला, म्हणजे अळीला बियाण्यातल्या औषधाची सवय लागत नाही. ते कशाला, म्हणून रंगराव हसायचे आणि लोक ते धुऱ्यावर फेकायचे. काही वर्षं बरी गेली. मग गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, आत सगळं पोखरलेलं. लोक दुकानात धावले, तर रंगरावांनी उलट त्यांनाच विचारलं की फवारणी काऊन नाही केली, आणि फवारणीचं औषधही त्यांनीच विकलं. एवढी सोय पांडुरंगाच्या दरबारातही नाही.

त्याच हंगामात त्यांना लकव्याचा झटका आला. थोडक्यात निभावलं. उजवा हात जड झाला, जीभ शाबूत राहिली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळजाचा ठोका ताल सोडून पडतो, म्हणून त्याच्या एका कोपऱ्यात रक्त साकळतं आणि ती गुठळी मेंदूत जाते. उपाय दोन. एक, रक्त पातळ करणारी गोळी, रोज, जन्मभर. दुसरा, मांडीच्या शिरेतून नळी घालून त्या कोपऱ्याला कायमचं बूच बसवायचं. पण ते मुख्यतः ज्यांना गोळीनं रक्तस्राव होतो त्यांच्यासाठी. तुम्हाला गोळी सोसते, तर गोळीच घ्या. बूच बसवलं तरी काही काळ गोळी लागतेच.

एवढ्या सगळ्या बोलण्यातून रंगरावांच्या कानात एकच शब्द शिरला. कायमचं.

गावी आल्यावर खाटेवरून प्रवचन सुरू झालं. गोळी म्हणजे रोजची फवारणी, ते अडाण्याचं काम. बूच म्हणजे बीटी. दिवाळीनंतर बसवून घेतो, मग बघा. भेटायला येणारे माना डोलवायचे. शेजारच्या गुलाबरावानं तर गंभीर चेहरा करून विचारलं, की बुचासोबत काठानं पेरायचं पाकीटही येतं काय. रंगरावांना टोमणा कळला नाही. ऑपरेशन ठरलंच आहे तर मधल्या दिवसांत गोळ्या कशाला, असा त्यांनी हिशेब केला. रुखमाबाई, म्हणजे त्यांची मंडळी, चहासोबत गोळी ठेवायची. ती आत वळली, की हे गोळी खाटेजवळच्या तुळशीच्या मातीत खुपसायचे. तुळस बिचारी मुकाट्यानं औषध घ्यायची.

हे एकानं पाहिलं. कादर, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. बोंडअळीनं त्याची कपाशी सगळी गेली होती, तरी रंगरावांसाठी पपई घेऊन आला होता. तो तुळशीकडे बघत राहिला. रंगरावांनी त्यालाही बीटी आणि बुचाचा दाखला दिला.

"रंगरावभाऊ," कादर म्हणाला, "हेच मी तुमच्या दुकानात ऐकलं होतं. पंप माळ्यावर टाकला अन् पीक हातचं गेलं. पण वावर पुढच्या साली पुन्हा पेरता येते."

"काळीज अन् वावर एक आहे काय बे?"

"मी कुठं म्हणतो. तुम्हीच एक करून राह्यले."

रंगरावांनी त्याला अळी लागलेलं डोकं म्हटलं. कादरनं जाताना रुखमाबाईला तुळशीतलं दाखवलं. तिनं माती उकरली आणि ओंजळीत गोळ्या घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. नवऱ्यानं तिला समजावलं, आणि समजावण्यात त्यांचा हात कोण धरणार. उद्यापासून घेतो, म्हणाले.

त्याच दुपारी कुणाला तरी बुचाचे फायदे सांगता सांगता वाक्य अर्ध्यावर थांबलं. पुढचं अजून आलेलं नाही. या खेपेला जीभच गेली. डॉक्टरांनी काही दिवस थांबून तीच गोळी पुन्हा चालू केली. आता दुकानात रंगरावांना खुर्चीवर बसवतात. कुणी काहीही विचारलं तरी तोंडातून होकाराचा एकच शब्द निघतो, "हाव". अजूनही काही जण तो सल्ला समजून बियाणं घेऊन जातात. हसू नका, त्यात आपलेही आहेत.

बुवा आले वाटतं. आता उभे राहाल, डोळे मिटाल, तेव्हा रंगरावांसाठी वेगळं काही मागू नका, त्यांचं विठ्ठल बघून घेईल. आठवण ठेवायची तर रुखमाबाईची ठेवा. ती रोज सकाळी त्या माणसाच्या ओठांशी गोळी धरते, पाणी पाजते, आणि मग त्याला आ करायला लावून जिभेखाली बोट फिरवून बघते.