सदतीस नंबरचा पाय

आमच्या कारखान्यात उन्हाळा ऐन थंडीत सुरू व्हायचा. बाहेर माणसं स्वेटर घालून फिरायची आणि आत आम्ही, चार महिन्यांनी समुद्रकिनारी जाणाऱ्या बायकांसाठी सँडल आणि पिशव्या करत बसायचो. मालकीणबाई कुठून कुठून चित्रं कापून आणायच्या, भिंतीवर टाचायच्या आणि जाहीर करायच्या, "जाड तळ आता गेले. यंदा बारीक पट्टे, अंगठ्यात कडी, बसकी चौकोनी टाच. आणि बॅग एवढी मोठी हवी की अख्खं घर उचलून नेता आलं पाहिजे." मी बॅगांच्या खोलीत होते, दोरीच्या जाळीला लाकडी मुठी बसवायचे. माझी वहिनी शेजारच्या खोलीत, सँडलकडे.

वहिनीला तिथं कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे तिला 'सदतीस' म्हणत. नव्या सँडलचा पहिला नमुना नेहमी सदतीस नंबरचा करतात, आणि वहिनीचा पाय म्हणजे मापाला मापच. ना बोट लांब, ना चवडा रुंद. नऊ वर्षं प्रत्येक उन्हाळ्याचा प्रत्येक नमुना आधी तिच्या पायात गेला. ती कापायच्या टेबलापासून खिडकीपर्यंत चालायची, दोन जिने उतरून परत चढायची, आणि नमुने बनवणाऱ्या मास्तरांसमोर उभी राहून पायाची फिर्याद सांगायची.

"मास्तर, करंगळी चोरासारखी बाहेर डोकावतेय."

"अजून?"

"मागचा पट्टा सासूसारखा धरून ठेवतो. थोडा सैल सोडा की बिचारीला."

मास्तर हसत पट्टा उसवायचे. त्यांच्याकडे मापाचा लाकडी पाय होताच, पण त्यांचं म्हणणं, "लाकूड निमूट सगळं घालून घेतं. सदतीस बोलते." तिनं मान हलवल्याशिवाय नमुना पुढं जात नसे.

लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले. दादाला, म्हणजे माझ्या भावाला, आनंद दाखवता येत नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, बोलायचं तर पान्ह्याशी बोलतो. पण त्या महिन्यांत तो घरात शीळ घालायला लागला होता. सातव्या महिन्यात वहिनीचे पाय सुजले. मास्तरांनी गंमत म्हणून मोजपट्टी लावली आणि ओरडले, "अरे, सदतीसची अडतीस झाली!" सगळी खोली हसली. वहिनीही हसली. "दोघींचं वजन आहे मास्तर, चालायचंच," ती म्हणाली. मुलगी होणार हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

नववा लागला आणि एका दुपारी चहाच्या वेळी ती बॅगांच्या खोलीत आली. माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "अगं, सकाळपासून ही हलली नाहीये."

आम्ही तशाच दवाखान्यात गेलो. त्यापुढचं फार सांगत नाही. मुलगीच होती. जन्मली तेव्हा ती गेलेलीच होती. वहिनीला गुंगीचं औषध दिलं होतं. ती जागी होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादानं बाळाला थोडा वेळ हातात घेतलं होतं, एवढं मला नर्सकडून कळलं. तो काही बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही. विषय काढला तर वहिनीच्या जखमेवरची खपली निघेल असं मला वाटायचं. दादालाही तेच वाटत असावं. एका घरात आम्ही तिघं, आणि तिघांच्याही तोंडाला कुलूप. शीळ बंद झाली ती झालीच.

पाच आठवड्यांनी वहिनी कामावर आली. "घरात भिंती खायला उठतात," एवढंच म्हणाली. नमुन्यांचा मोसम नुकताच लागला होता. मास्तरांनी तिच्यापुढं अंगठ्याच्या कडीची नवी जोडी ठेवली. तिनं पाय घातला. अंगठा कडीत जाईना. चवडा दोन्ही बाजूंनी पट्ट्यांबाहेर आला.

"सूज आहे अजून," मास्तर घाईनं म्हणाले. "उतरेल."

तिनं मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवले, उशीवर ठेवले, घट्ट पट्टी बांधून झोपली. दर सोमवारी मास्तर मोजपट्टी लावायचे आणि दर सोमवारी पट्टी अडतीसच सांगायची. शेवटी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तळवा दाबून पाहिला.

"ही सूज नाही. दिवस राहिले की सांध्यांचे बंध सैल होतात, पायाची कमान खाली बसते. काही जणींचा पाय पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. घाबरायचं कारण नाही, आता हेच तुमचं माप." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "बाळ केवढं आहे?"

वहिनी म्हणाली, "बाळ नाहीये."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "माफ करा," त्या म्हणाल्या. वहिनीनं चपला घातल्या आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यात ती एकदाच बोलली. "तुझ्या दादाला सांगू नकोस. पायासाठी डॉक्टरकडे गेले, असं ऐकून काय वाटेल त्यांना?"

मालकीणबाईंनी आणखी एक आठवडा वाट पाहिली. त्या वाईट नव्हत्या, पण दुकानांना नमुने पाठवायचे होते. त्यांनी सगळ्या बायकांचे पाय मोजायला लावले. पॅकिंगमधल्या एकीचा पाय अचूक सदतीस निघाला. चाळिशीला आलेली, अबोल बाई. तिला दोन मुलं होती. दोन बाळंतपणं झाली आणि पाय जिथल्या तिथं. हे मोजणाऱ्याच्या तोंडून सगळ्यांसमोर निघालं आणि शिलाईच्या मशीनसुद्धा थांबल्या. पॅकिंगवालीनं गुन्हा केल्यासारखा पाय मागं घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ती नमुने घालू लागली. वहिनीला मास्तरांनी तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सवयीनं हाक मारली, "सदतीस, इकडे ये!" आणि दोघी उठल्या. मी दारातच होते. वहिनी उभी राहिली, मग टेबलावरचं काहीतरी शोधत असल्यासारखं करून खाली बसली.

पॅकिंगवाली काही तक्रारच करत नसे. कुठलीही जोडी घातली की "ठीक आहे" म्हणायची. बारीक पट्ट्यांची ती अंगठेवाली जोडी तिनं अर्धा दिवस घातली, चार वेळा जिने उतरली, आणि मास्तरांना म्हणाली, "ठीक आहे." मास्तर नमुन्यावर सही करणार, तेवढ्यात वहिनी जागची उठली. तिनं पॅकिंगवालीला स्टुलावर बसवलं आणि पायातली सँडल काढली. अंगठ्याच्या मुळाशी कडीनं सालटं काढलं होतं.

"हे ठीक आहे?"

ती बाई खाली बघत राहिली. "तुमची जागा घेतली मी. वर आणखी कुरकुर कशी करू?"

"माझी जागा माझ्या पायानं सोडली, तू नाही घेतलीस," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही. "तू गप्प बसलीस तर हजार बायकांच्या पायाला हेच होईल. दुखतं तर दुखतं म्हणावं, बाई."

मास्तरांनी कडी कापून टाकली आणि तिथं मऊ कापडाचा पट्टा लावला. वहिनी नळावर हात धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी गेले तर नळ चालू होता आणि ती पहिल्यांदा रडत होती. मी पाठीवर हात ठेवला. नळ बंद करावा, हेही मला सुचलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा तिच्या जुन्या चपलेचा अंगठा तुटला. एका रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कुठला नंबर ताई?"

वहिनीनं पायाकडे पाहिलं. "अडतीस."

दादा शेजारच्या बाकावर बसला होता. त्यानं मान वर केली. "अडतीस? तुझा सदतीस ना?"

"होता."

"कधीपासून बदलला?"

"ती होती तेव्हापासून."

इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कुणी 'ती' म्हटलं नव्हतं. दादा उठला आणि तिच्यासमोरच्या ठेंगण्या स्टुलावर बसला. तिचा पाय त्यानं दोन्ही हातांत घेतला, यंत्र उघडून बघावं तसा न्याहाळला. मग म्हणाला, "तिचा अंगठा असाच होता. जरा बाहेर वळलेला."

वहिनी पुढं वाकली. "तुम्ही पाहिलेत तिचे पाय?"

"मोजली बोटं. दहाच्या दहा होती."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारशील म्हणून थांबलो होतो," दादा म्हणाला. "मग वाटलं, नकोच."

"सांगा. सगळं सांगा मला. केस होते?"

"होते. खूप होते."

काउंटरवरची मुलगी खोके घेऊन परत येत होती. मी पुढं होऊन तिला वाटेतच गाठलं, आणि दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच कुठल्या कारखान्याच्या बॅगा टांगल्या होत्या, तिकडे वळवलं. "मला जरा या दाखव," मी म्हटलं. तिनं एकेक काढली. यंदा गवती रंगाला मागणी आहे, आत पाण्याच्या बाटलीला वेगळा कप्पा आहे, ओला टॉवेल ठेवला तरी चालतो. मी प्रत्येकीचं अस्तर तपासलं, बंद खेचून पाहिला, नाही नाही ते प्रश्न विचारले. मुलगी मोठी सोशीक होती. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली.