तुमानची पेटी

अमालिया आपांच्या तुमानला पेटीत बसायला शिकवता शिकवता रायगुलचे अकरा आठवडे गेले. इतर कुत्री पंधरा दिवसांत शिकतात. पण तुमान नऊ वर्षांचा, वासराएवढा, आणि पिल्लू असताना कुणीतरी त्याला पोत्यात बांधून तेमिरताऊच्या तळ्याकाठी टाकून दिलेला. आपांच्या नवऱ्याने पोतं हलताना पाहिलं म्हणून तो वाचला. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, पण तुमानच्या मनातलं पोतं काही गेलं नव्हतं. साधं न्हाणीघराचं दार लागलं तरी तो थरथर कापायचा.

आता जर्मनीत राहणारी आपांची मुलगी एला आईला तिकडे नेणार होती. आपांनी दोनदा नकार दिला होता, दोन्ही वेळा कुत्र्यापायी. तिसऱ्यांदा एलाने विमानाच्या मापाची मोठी प्लास्टिकची पेटी पाठवली आणि रायगुलला फोन करून सांगितलं, "त्याला यात बसायला शिकवा. कागदपत्रांचं मी इथून बघते." रायगुल गावात घरोघर जाऊन कुत्र्यांना शिकवायची, मारझोड न करता, खाऊ देऊन. लोक तिला हसायचे आणि शेवटी तिलाच बोलवायचे.

पहिल्या दिवशी ती गुरांच्या उकडलेल्या काळजाचे तुकडे करून घेऊन आली. तुमान पलंगाखाली जाऊन बसला होता.

"ढकलूया का?" आपा म्हणाल्या. "एकदा आत गेला की कळेल त्याला."

"ढकललं की संपलं, आपा. त्याने आपणहून पाय टाकला पाहिजे."

"आमच्या वेळी पट्टा दाखवला की कुत्री शिकायची. माणसंसुद्धा."

"काय शिकायची?"

आपा हसल्या. "पट्टा ओळखायला."

रायगुलने पेटीचं झाकण आणि दार काढून ठेवलं, नुसता तळ उरला. तुमानने त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी ती जिभेने टक् करायची आणि एक तुकडा टाकायची. टक् झालं की खाऊ मिळणार, यात कधी चूक नाही. "आणि एक सांगते," ती आपांना म्हणाली, "खाऊ दाखवून बोलवायचं आणि मग सुई टोचायची, असं कधी करायचं नाही. हवं तर उचलून न्या, पण फसवू नका. त्याला आपला शब्द खरा वाटला पाहिजे."

आठवड्याने एक पंजा आत पडला. मग दोन. मग झाकण आलं, मग दार, उघडंच. टक् म्हणण्याची आपांची वेळ रायगुलपेक्षा अचूक होती. चाळीस वर्षं कारखान्यात शिवणयंत्रावर काढलेली बाई, नजर पक्की. सहाव्या आठवड्यात दार लागलं, श्वासभर. नवव्यात तुमान आत अर्धा तास झोपला आणि घोरला, तेव्हा आपा त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या.

"मलाही विमानाची भीती वाटते, पोरी," मग त्या म्हणाल्या. "पण तो बसला म्हणजे मी बसेन."

घर विकलं गेलं होतं. कपाट गेलं, गालिचा गेला, भिंतीवरचं घड्याळ शेजारणीने नेलं. शेवटी खोलीत पलंग, चहाची किटली आणि ती पेटी एवढंच उरलं. आपा पेटीवर कप ठेवून चहा प्यायच्या.

निघायला तीन आठवडे असताना रायगुल दुसऱ्या कुणाचं कुत्रं घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे गेली होती. सहज म्हणून तिने तुमानच्या कागदांचं विचारलं.

डॉक्टरने वही चाळली. "कोण तुमान? जर्मनीला न्यायचा म्हणजे रक्त तपासायला पाठवावं लागतं, आणि मग तीन महिने थांबावं लागतं. आमच्याकडून काहीच गेलेलं नाही."

रायगुल बाहेर येऊन बर्फात उभी राहिली आणि तिने एलाला फोन लावला. पडद्यावर एला दिसली. वृद्धाश्रमातल्या कामाचा निळा डगला अंगावर, मागे चकचकीत भिंत.

"रक्त पाठवलंच नाहीत तुम्ही," रायगुल म्हणाली.

एलाने नाकारलं नाही. "आमचं घर दोन खोल्यांचं आहे. मालक कुत्रा ठेवू देत नाही. मी काय करू, सांगा."

"मग मला अकरा आठवडे कशाला राबवलंत?"

"तुम्ही येता म्हणून आई सामान बांधते. दोनदा मी तिथे येऊन रिकाम्या हाताने परत आले. मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीत पडली, सात तास पडून होती. तो कुत्रा भुंकला म्हणून शेजाऱ्यांना कळलं, हेही मला माहीत आहे. पण तो तिला उचलू शकत नाही ना." एलाने डोळे पुसले. "विमानात बसेपर्यंत तिला काही सांगू नका. तुमच्या पाया पडते."

"हे मला जमायचं नाही."

"मग सांगा. ती येणार नाही. घर एक तारखेला दुसऱ्याचं होतंय. ती कुठे राहील, तेही सांगा तिला."

रायगुलच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं होती आणि सासू कुत्र्याला उंबरा ओलांडू देत नव्हती. तरी तिने विचारून पाहिलं. मग तिने ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं. नऊ वर्षांचं, एवढं मोठं कुत्रं कुणाला नको होतं. शेवटी गावाबाहेरच्या, हिवाळ्यात ओस पडणाऱ्या बागवाड्यांचा राखणदार सापार म्हणाला, "आण. माझं जुनं मेलंय."

त्यानंतर शिकवणीच्या चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी जिना चढताना आज सांगायचंच असं तिने ठरवलं, आणि प्रत्येक वेळी आपांनी दार उघडून तुमानची नवी प्रगती सांगितली. तो आता हाक न मारताच आत जाऊन बसायचा. चौथ्या वेळी रायगुल म्हणाली, "आपा, समजा तिकडे काही अडचण आली तर—"

"अडचण कसली? एवढं केलंस तू. आता अडचण नाही."

रायगुलने खाऊची पिशवी उघडली.

एक तारखेला एला स्वतः आली. तिने आईला सांगितलं की मोठं कुत्रं वेगळ्या विमानाने येतं, दोन दिवसांनी, रायगुल त्याला पोहोचवेल. आपांनी रायगुलकडे पाहिलं. रायगुलने होकारार्थी मान डोलावली. आपांना तेवढं पुरलं. त्यांनी पेटीचं दार धरलं, तुमान आत गेला, गोल फिरला, बसला. आपांनी टक् केलं, तुकडा दिला आणि दार आपल्या हाताने लावलं. कुत्र्याने हूं की चूं केलं नाही.

"वाटेत दे," असं म्हणून त्यांनी खाऊची पिशवी रायगुलच्या हातात ठेवली. त्यांची गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली. रायगुलची भाड्याची गाडी बागवाड्यांकडे वळली.

सापारने त्याच दिवशी साखळी घातली. रायगुल दर रविवारी जायची. पहिल्या महिन्यात तुमान तिला पाहून साखळीच्या टोकापर्यंत यायचा आणि बसायचा, शिकवल्यासारखा, शेपटी बर्फावर आपटत.

"हा भुंकतच नाही," सापार कुरकुरला. "परवा एक माणूस कुंपण ओलांडून आला, याने त्याचा हात चाटला. खाऊ घालून घालून बिघडवलंयत याला."

"तो भुंकला की तुम्ही त्याला काहीतरी द्या. भाकरीचा तुकडाही चालेल. दोन आठवड्यांत शिकेल. मी दाखवते."

"बाई, मलाच भाकरी मोजून आहे," सापार हसला. त्याच्या दाराशी फावड्याचा दांडा टेकवलेला होता. रायगुलने तो पाहिला.

फेब्रुवारीत आपांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"एलाने तिसऱ्या दिवशी सांगितलं. तुला माहीत होतं?"

"हो, आपा."

"कधीपासून?"

"तीन आठवडे आधीपासून."

पलीकडे कुणीतरी जर्मनमध्ये बोलत होतं, भांड्यांचा आवाज येत होता.

"खातो का?"

"खातो."

"कुठे आहे?"

"चांगल्या ठिकाणी आहे, आपा. मोकळी जागा आहे."

"हं," आपा म्हणाल्या. "एला पण हल्ली मला हेच सांगते. चांगली जागा आहे म्हणते, तिच्याच कामावरची. सोमवारी दाखवायला नेणार आहे."  मग फोन बंद झाला. रायगुलने उलट लावला. कुणी उचलला नाही. पुढच्या आठवड्यात नंबरच लागेना.

मार्चमध्ये सासू आजारी होती म्हणून रायगुलचे तीन रविवार चुकले. चौथ्या रविवारी ती फाटकाशी पोहोचली तेव्हा लांबूनच भुंकणं ऐकू आलं. तुमान साखळी ताणून उभा होता. पाठीवरचे केस उभे, कानाजवळ वाळलेली जखम. ती थांबली, खाली बसली, तिने जिभेने टक् केलं. तो आणखी जोरात भुंकला. तिने तुकडा टाकला. त्याच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, त्याची नजर तिच्या हातावर होती. तिने हात जरा पुढे केला तसे त्याचे दात दिसले.

सापार खोलीतून बाहेर आला. "बघितलंस? महिन्यात शिकला," तो खुशीत म्हणाला. "आता पाखरू येत नाही इकडे. चहा घेतेस?"

रायगुल नको म्हणाली. काळजाचे उरलेले तुकडे तिने कुंपणाच्या आत, त्याला साखळीतून घेता येतील असे ठेवले आणि बसथांब्याकडे चालत निघाली. थांबा येईपर्यंत भुंकणं ऐकू येत होतं.