लिहून पाठवलेलं गाणं

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्याखाली तळघरात लॅब होती. वरून जबड्याचे साचे खाली यायचे आणि ती गुलाबी मेणात एकेक दात बसवत राहायची. वय बावन्न, घरी एकटी. सव्वीस वर्षांत आपण हजारो लोकांना हसू दिलं, पण त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही, असं तिने एकदा 'कानगोष्टी'वर लिहिलं होतं. त्यावर चौघेही पोट धरून हसले होते, म्हणजे तसं त्यांनी लिहिलं होतं.

'कानगोष्टी' हा मोबाइलवरचा पाच जणांचा ग्रुप. इंटरनेटवर क्लॅरिनेटच्या एका जुन्या रेकॉर्डिंगखाली ही पाच अनोळखी माणसं तावातावाने वाद घालत बसली, वाद काही मिटेना, म्हणून ग्रुप काढला. रोज एकाने स्वतःला नवीन सापडलेलं गाणं टाकायचं, बाकीच्यांनी दिवसभरात पाहिलेली एखादी गंमत लिहायची. खरी नावं कोणी विचारली नाहीत. तिला सगळे कवळीताई म्हणायचे. एक मास्तरीणबाई होत्या, एक बस चालवणारा भोंगा होता, एक औषधांच्या दुकानातली मुलगी होती आणि एक लिफ्टवाले काका. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट वर जाताना नुसता कान देऊन कुठलं चाक झिजलंय ते सांगायचे म्हणे. गाण्यातही तसंच. मागे हळूच वाजणारं तिसरं वाद्य त्यांनी सांगितल्यावर बाकीच्यांना ऐकू यायचं.

सहा वर्षं मजेत गेली. मग मास्तरीणबाईंना नातू झाला आणि त्यांच्याकडून गाण्याऐवजी त्याचे फोटो यायला लागले, पुढे तेही थांबले. भोंग्याने दुसरं काम धरलं. औषधवाली कधी गप्प झाली ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. भांडण कुणाचंच झालं नव्हतं. उरले दोघे. सकाळी कामाला बसण्याआधी ती गाणं टाकायची, त्याखाली दोन-चार ओळी लिहायची. तासाभरात काकांचा 'वा' यायचा, त्यामागून एखादी गंमत. समोरच्या गॅलरीतली मांजर आणि वाळत घातलेला मोजा, असलं काहीतरी. तेवढ्यावर तिचा दिवस ढकलला जायचा.

एका मंगळवारी लॅबमधलं पॉलिशचं मशीन खरखरायला लागलं. दुरुस्तीवाल्याला कळावं म्हणून तिने तो आवाज फोनवर टिपून पाठवला, त्याच घाईत ग्रुपवर त्या दिवसाचं व्हायोलिन टाकलं आणि कामाला लागली. दुपारी त्याचा निरोप आला, 'ताई, मशीन फारच सुरात वाजतंय. बिघाड कुठे आहे?'

तिने पाहिलं तर त्याला व्हायोलिन गेलं होतं. म्हणजे मशीन 'कानगोष्टी'वर. ती एकटीच मोठ्याने हसली. काकांना आता सांगायचं, ते किती हसतील, अशा घाईने तिने ग्रुप उघडला. तिथे त्यांचं उत्तर सकाळीच येऊन पडलं होतं. 'वा. शेवटी सूर विरत जातो ते तर जिवाला लागलं.'

सूर शेवटी विरत जातो हे तिनेच खाली लिहिलं होतं. तिचं हसू तिथल्या तिथे विरलं. ती मागे मागे जाऊन वाचत राहिली. गेल्या आठ महिन्यांतली त्यांची एकूण एक वाहवा तिच्याच शब्दांची होती, थोडी उलटीपालटी केलेली. म्हणजे हा माणूस ऐकतच नव्हता. आपण इतके दिवस भिंतीशी बोलत होतो, आणि भिंत सभ्यपणे मान डोलवत होती.

तिने लिहिलं, 'आज तुमच्या जिवाला जे लागलं ते माझं पॉलिशचं मशीन होतं. ऐकायचं नसेल तर सरळ सांगायचं. खोटी वाहवा मला नको.'

निरोप पोचला, वाचला गेला, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनेही गाणं टाकलं नाही. दोन दिवसांनी एका आजोबांनी कवळी परत पाठवली. कारण काय, तर ती घातली की ते हुबेहूब मेव्हण्यासारखे दिसतात आणि बायकोला ते खपत नाही. अशी गंमत वर्षातून एखादीच मिळते. ती कोणाला तरी सांगावी म्हणून ती मुद्दाम जिना चढून दवाखान्यात गेली, तिथल्या नोंदणीवाल्या मुलीला सांगितली. मुलगी मान वर न करता 'हं' म्हणाली. ती पुन्हा खाली आली.

सातव्या दिवशी काकांचं उत्तर आलं.

'कवळीताई, तुमचा राग रास्त आहे. उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला, डावा यंदा. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं पत्र्यावर खडे पडल्यासारखं येतं, आणि गाणं गाणं म्हणून ओळखूच येत नाही. कामावरून तर कधीच घरी बसवलंय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गाणी टाकायची थांबवली असती, म्हणजे खालच्या ओळीही थांबल्या असत्या. मी त्या वाचत होतो. सकाळी उठून बघावं असं तेवढंच होतं.'

तिने ते तीनदा वाचलं. आपल्याच जिभेला चिमटा काढावा असं तिला वाटलं. माफी मागणारी बरीच मोठी उत्तरं तिने लिहिली आणि पुसली. शेवटी एवढंच पाठवलं, 'उद्यापासून नीट लिहीन.'

ते वाटलं तितकं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी 'फार गोड आहे' लिहून तिने खोडलं. गोड म्हणजे काय? जेवणाची सुटी सरली तरी कागदावर चारच ओळी होत्या. 'बाई आधी गातच नाही, नुसता श्वास घेते, तोही ऐकू येतो. मग एक सूर लावते आणि बाजूला होते. दार उघडून आपल्याला आत जाऊ द्यावं तशी.' काकांनी उलट विचारलं, मागे ठेका आहे की नुसती टाळी? टाळी एकाची की दोघांची? तिला पुन्हा ऐकावं लागलं. दोघांची होती, आणि एक जण किंचित मागे पडत होता.

असे तीन महिने गेले. मग तिने विचारलं, 'भेटायला येऊ का?' काका म्हणाले, या.

बसने चार तास लागले. दार सुनेने उघडलं. काका तिच्या मनातल्यापेक्षा उंच निघाले, आणि त्यांचा आवाज फार मोठा होता. तिचं बोलणं त्यांना कळेना. सून मध्ये पडून त्यांच्या कानाशी ओरडून सांगायची, ते काहीतरी भलतंच उत्तर द्यायचे, मग तिघंही ओशाळायचे. सून आत गेल्यावर काकांनी फोन काढला. टेबलाच्या या बाजूला ती, त्या बाजूला ते, आणि दोघेही खाली मान घालून लिहू लागले. तेव्हा कुठे गप्पांना रंग चढला. सून बाहेर येऊन बघतच राहिली.

मग काकांनी लिहिलं, 'एक गाणं ऐका. ऐकताना तुमचं तोंड कसं होतं ते बघायचंय.'

तिने कानाला हेडफोन लावले. काका टक लावून बघत होते. केस नीट आहेत का, आपण उगाच भुवया तर उंचावत नाही ना, याच विचारात गाणं संपून गेलं. एकही सूर आत शिरला नाही. तिने लिहिलं, 'वा. सुंदर होतं.'

काकांनी वाचलं. 'खोटं,' त्यांनी लिहिलं. 'पण चालेल.'

संध्याकाळी ते तिला बसपर्यंत सोडायला आले. बस लागलेली होती, फोन काढायला वेळ नव्हता, म्हणून ते बोलले.

"घरी मुलगा आहे, सून आहे, सगळे चांगले आहेत. पण माझ्याशी कामापुरतं बोलतात. जेवलात का, गोळी घेतली का. त्यांचा दोष नाही, ताई. गंमत ओरडून सांगता येत नाही."

रांगेतले सगळे वळून बघायला लागले. आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळत नव्हतं. काहीतरी म्हणावं असं तिला फार वाटलं, पण म्हटलं तरी पोचणार नव्हतं. तिने नुसती मान हलवली आणि बसमध्ये चढली.

पूर्ण चार तास ती आजूबाजूची माणसं न्याहाळत होती. कोणी घोरत होतं, कोणी खिडकीसाठी हुज्जत घालत होतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. घरी येऊन, चपला न काढताच ती खुर्चीत बसली आणि लिहिलं, 'पोचले. आज वाटेत गंमत काही दिसली नाही.'

'असू दे,' काकांचं उत्तर आलं. 'बस कशी होती ते लिहा. सावकाश लिहा.'

तिने दिवा लावला आणि इंजिनाच्या आवाजापासून सुरुवात केली.