पोत्यातला कोंडा

सगिदोल्लाने गिरणीचा इतिहास काढला की ताटातलं मांस गार होतं, हे अख्ख्या स्टेशनाला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, बालझानला, तो इतिहास इतका पाठ होता की नवरा कुठे खोकणार तेही ती आधी सांगायची. त्या दुपारी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. समोर बसलेला झाक्सिलिक रेल्वेचा मोठा साहेब. गिरणीच्या दारापर्यंत येणारा रुळांचा फाटा उखडायचा की ठेवायचा, हे त्याच्या शब्दावर होतं. फाटा गेला की गहू यायचा बंद, पीठ जायचं बंद, आणि दोघांची रवानगी शहरात, मुलीच्या पाचव्या मजल्यावर, जावयाच्या टीव्हीसमोर. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं बालझानचं स्वच्छ मत होतं.

म्हणून मेंढा कापला होता. मुंडी मानाने पाहुण्यापुढे ठेवली होती. पाहुणा बसला की आधी त्याला त्याचे सात पूर्वज विचारायचे, ही तर शेंबड्या पोरालाही माहीत असलेली रीत. पण साहेबाच्या कोटाची बटणं पाहून सगिदोल्ला सगळी रीतभात विसरला आणि थेट स्वतःच्या पूर्वजांवर घसरला.

"माझे पणजोबा ताजिबाय! या माळावर घोडा जुंपून गिरणी चालवली त्यांनी. मग आगगाडी आली. पण थांबेल तर शपथ! पणजोबा रुळांत उभे राहिले. म्हणाले, मला चिरडा, नाहीतर फाटा द्या!"

मागच्या वर्षीपर्यंत या गोष्टीत पणजोबा रुळांच्या बाजूला उभे असायचे. बालझानने चहा ओतला.

"आणि काय सांगू साहेब, फाटा मिळाला, पण त्यावर एक गिधाड बसलं. कोशिमबेत नावाचा, गाडी फाट्यावर वळवणारा सांधेवाला. दर आठवड्याला पिठाचं पोतं दिल्याशिवाय मेला सांधाच बदलायचा नाही! पीठखाऊ! तीन हनुवट्या होत्या म्हणे त्याला."

"अहो, चहा घ्या," बालझान म्हणाली. रेल्वेवाल्यासमोर रेल्वेवाल्याचा उद्धार करणारा नवरा तिच्याच नशिबी यावा!

"घेतो गं. पुढे सरकारने गिरणी घेतली, आजोबांना त्यांच्याच गिरणीत झाडूवाला केलं. मी ती परत मिळवली. असो. तुमचे सात पूर्वज कोण, साहेब?"

झाक्सिलिकने सुरी खाली ठेवली. "झाक्सिलिकचा बाप अमानताय. अमानतायचा बाप मिर्झागुल. मिर्झागुलचा बाप कोशिमबेत. सांधेवाला. पुढचे चार सांगू?"

बालझानला डोळ्यांसमोर पाचवा मजला दिसला.

"आमच्याकडे ही गोष्ट जरा वेगळी सांगतात," झाक्सिलिक शांतपणे म्हणाला. "रेल्वेने फाटा दिलाच नव्हता. माझ्या पणजोबांनी भंगारातले रूळ ओढून आणून तो घातला. त्यात त्यांची नोकरी गेली. त्याच्या बदल्यात तुमच्या पणजोबांनी पीठ कबूल केलं होतं. पोतं यायचं, पण त्यात अर्धा कोंडा."

"अर्धा?" सगिदोल्ला ताडकन उठला. "साफ खोटं! पाव! आमच्यात पाव हिश्श्याच्या वर कोंडा कधी कुणी घातला नाही!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय कबूल केलं ते. बालझानने कपाळावर हात मारला. जन्मभर हा माणूस गप्प बसायला शिकला नाही, आणि शिकणार तरी कधी?

झाक्सिलिकने मुंडीचा एक कान कापला आणि सगिदोल्लापुढे धरला. कान लहान पोरांना देतात, त्यांनी ऐकायला शिकावं म्हणून. सगिदोल्ला पासष्टीचा होता. पाहुण्याच्या हातचा घास नाकारता येत नाही. तो मान खाली घालून कान चावत राहिला, आणि कान काही लवकर चावून होत नव्हता. बालझानला त्याची दया आली, आणि हसूही.

"गाडीत पोतं टाकतो," घास गिळल्यावर तो पुटपुटला आणि गिरणीकडे पळाला. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतंच.

बालझान मागोमाग गेली. पोतं भरून, तोंड बांधून दारात तयार होतं. फारच लवकर तयार झालं होतं.

"यात काय आहे?"

"पीठ."

"खालीसुद्धा?"

"बालझान! माझ्यावर भरवसा नाही?"

तिने दोरी सोडली, बाही वर सारली आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. तळापर्यंत चाचपलं. पीठच होतं, मऊ, अजून कोमट. कोंड्याचा कण नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि आज पहिल्यांदाच तिला या माणसाचा अभिमान वाटला.

हात बाहेर काढून ती वळली तर दारात झाक्सिलिक उभा. त्याने तिचा खांद्यापर्यंत पांढरा झालेला हात पाहिला आणि भिंतीला टेकून पोट धरून हसला.

"मी तपासायलाच आलो होतो, वहिनी," तो डोळे पुसत म्हणाला. "तुम्हीच तपासलंत, आता मी कशाला हात घालू? फाटा राहू दे."