वन्यजीव : निरंक

"दाजी, हरकत मागे घ्या," म्हणत मेहुणा चिखलाच्या बुटांनिशी थेट आत आला आणि हिच्या खुर्चीवर बसला. हिला जाऊन सात महिने झाले. त्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही.

"ऊठ तिथून."

"माझ्या ताईची खुर्ची आहे."

"ताईला बघायला दवाखान्यात आला होतास? ऊठ."

तो उठला. नदीकाठाला काँक्रीटची भिंत घालायचं कंत्राट त्याचं आहे. खालच्या अंगाची लव्हाळी त्याने उपटून टाकली, दरडीतली खंड्यांची बिळं बुजवली. पाणमोजणीच्या चौकीजवळचा एक तुकडा तेवढा राहिला होता. तिथे झाडाच्या मुळांत पाणमांजरांचं बीळ होतं. म्हणून माझी हरकत.

त्या चौकीवर मी एकतीस वर्षं पाण्याची पातळी लिहिली. ही दुपारी डबा घेऊन यायची आणि काठावर बसून पाणमांजरं बघायची.

"आज लंगडी तीन पिल्लं घेऊन आली होती हो. लिहिलंत ना?"

"लिहिलं," मी म्हणायचो.

मेहुण्याने पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला. "अक्षर कुणाचं?"

माझंच. नोंदवहीतला शेवटचा रकाना, 'वन्यजीव'. त्याखाली ओळीने निरंक, निरंक, निरंक. काही दिसलं असं लिहिलं की वेगळा अहवाल लागायचा, तोही तीन प्रतींत. कोण करणार? एक तारखेलाच मी महिनाभराचं निरंक लिहून मोकळा व्हायचो.

"तुम्हीच लिहून दिलंय, तिथे काही नाही. आणि शिव्या मला?"

"ते खोटं आहे."

"मग सांगा की चारचौघांत. एकतीस वर्षं बसल्या जागी थापा मारल्या म्हणा."

"सांगेन. तू नीघ."

"ताईने डोक्यावर बसवून ठेवलं तुम्हाला," तो दारातून म्हणाला. फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे राहिले.

सुनावणीला मी गेलो आणि उभा राहून सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "एकतीस वर्षं खोटं लिहिणाऱ्याचं आज खरं कसं मानायचं, आजोबा?"

मागे कोणीतरी हसलं. मेहुणाच असणार. मी वळून बघितलं नाही. हरकत फेटाळली.

तीन आठवड्यांत भिंत झाली. झाड मुळासकट काढून ट्रकमध्ये घातलं. मी ट्रकच्या आडवा उभा राहिलो, तर मेहुण्याने माणसांना सांगितलं, "धरून बाजूला करा. डोक्यावर परिणाम झालाय."

काल सकाळी हिची खुर्ची उचलून तिकडे नेली. ती बसायची त्या जागी भिंतीवर ठेवली आणि शेजारी उभा राहिलो. दुपार झाली. मी डबा उघडला नाही. ऊन उतरेपर्यंत पाण्यावर नजर ठेवली. मग खिशातून झेरॉक्सचा एक कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूला तारीख घातली आणि लिहिलं, निरंक.

एकतीस वर्षांत हे एक मी बघून लिहिलं.