सुनेने बदललेला स्टिअरिंगचा पंप

डोळे जाऊन मला यंदा सहा वर्षं झाली. त्याआधी चौतीस वर्षं मी सामुदायिक शेतीच्या गॅरेजात मिस्त्री होतो. आमच्या अत-बाशीच्या डोंगरी खोऱ्यात माझा हात लागला नाही असा ट्रॅक्टर सापडला नसता. आता गाडी दारात आली की मी ती नुसती ऐकतो.

माझी सून बुरुल जनावरांची डॉक्टर. मुलगा परमुलखात बांधकामावर असतो, त्यामुळे घर आम्हा दोघांचं आणि तिच्या जुन्या पिकअपचं. वसंतातल्या त्या सकाळी पिकअप अंगणात वळली आणि वळताना म्हाताऱ्या उंटासारखी कण्हली.

"किती दिवस कण्हतीये?" मी विचारलं.

"आठवडा झाला, मामंजी. आज तर खिंडीतल्या वळणावर स्टिअरिंगला अक्षरशः लोंबकळले मी."

"आणि सांगतेस आज?"

"तुम्ही चिडाल म्हणून."

मी चिडलोच. मग बॉनेट उघडायला लावलं. स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीत काय दिसतं विचारलं, तर म्हणाली, "तेल काळं पडलंय. वर फेस आहे, आत्ता काढलेल्या दुधासारखा."

मी बोट बुडवून तेल चोळलं. बारीक कचकच लागली. स्टिअरिंगला तेलाचा जोर देणारा पंप स्वतःलाच खात होता, त्याचंच लोखंड तेलात उतरलं होतं.

परवा तिला वरच्या कुरणांवर जायचं होतं. बाराशे मेंढ्यांना लस टोचायची होती आणि लस बर्फाच्या पेटीत येऊन पडली होती. तसलं स्टिअरिंग घेऊन ती खिंड चढणं म्हणजे मरणाला पाव्हणा म्हणून बोलावणं. दुपारी ती नारिन शहरातल्या भंगार बाजारात गेली आणि तसाच एक पंप घेऊन आली. जुना होता, पण त्याचा दांडा गुळगुळीत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर मी चाकाशेजारी खोक्यावर बसलो आणि ती कामाला लागली. शेजारचा शेरिकबाय कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिलाच.

"ओमुरकुल, एक आंधळा आणि एक बाई," तो म्हणाला. "बिचारी गाडी जाणार कुठे?"

"काका, तुमची गाय अडली होती तेव्हा बाईच लागली होती ना?" गाडीखालून बुरुलचा आवाज आला.

कुंपण करकरलं; शेरिकबाय आणखी पुढे वाकला होता.

तिने जुनं तेल काढलं, पट्टा सैल करून उतरवला. पंपाची पुली घट्ट बसली होती. ती म्हणाली, "हातोडी मारू?"

"वासरू हातोडीने काढतेस का? पुली ओढणारा पुलर लाव. सावकाश आवळ."

पुली निघाली. तीन बोल्टांपैकी दोन सुटले. तिसरा इंजिनच्या पाठीमागे, चार बोटं जेमतेम शिरतील अशा जागी. माझा हात तिथे कधीच गेला नसता. तिचा गेला. आडव्या आलेल्या कोकराचा पाय चाचपडून शोधणारा हात तो. बोल्ट पडल्याचा आवाज झाला तेव्हा मी उगीचच मिशीवरून हात फिरवला.

नळ्या मी चाचपून पाहिल्या आणि चांगल्या आहेत म्हणून सांगितलं. तिने सगळं धुतलं, आणलेला पंप चढवला, नवं तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, आतली हवा निघावी म्हणून. मग गाडी सुरू केली.

गाडी कण्हली. पहिल्यासारखीच.

"पंप भंगार निघाला," मी म्हणालो. "परत कर. माझे कान मला फसवत नाहीत."

"थांबा जरा," ती म्हणाली. पावलं गाडीच्या दारापर्यंत गेली, परत आली. बॉनेटखाली ती इथे-तिथे काहीतरी टेकवत राहिली. मग म्हणाली, "पंप निरोगी आहे, मामंजी. आवाज त्याच्या अलीकडे आहे. या रबरी नळीत."

"नळी मी बघितलीये."

"वरून बघितलीत."

तिने आपला स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि दुसरं टोक रबरी नळीच्या खालच्या बाजूला धरलं. सूं सूं सूं. दम्याच्या रोग्यासारखं. नळीला खालून चीर होती. पंप तेल ओढताना तिच्यातून हवाही ओढत होता. तेल गळत नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नाही. पहिला पंप त्या हवेनेच मेला, आणि दुसराही महिन्याभरात मेला असता. चौतीस वर्षं मिस्त्री राहिलेला माणूस नळी वरूनच चाचपून पुढे गेला होता.

"चूक माझी," मी म्हणालो. गॅरेजात हा शब्द मी कोणासमोर उच्चारल्याचं आठवत नाही. पण त्या दिवशी तो जड गेला नाही. छाती उलट फुगली. ज्या सुनेला काल पुलीचं नाव माहीत नव्हतं, ती आज माझी चूक दाखवत होती.

"पाण्याची नळी लावू नका, तेलाने फुगेल," शेरिकबाय कुंपणापलीकडून म्हणाला आणि निघून गेला. आला तो ट्रॅक्टरच्या तेलाची हातभर नळी घेऊन. "ही घे, पोरी. बेतून काप."

तिने नळी बसवली, पट्ट्या आवळल्या, पुन्हा तेल भरून हवा काढली. या वेळी इंजिन सुरू झालं आणि स्टिअरिंग फिरलं तरी मला फक्त टायरखालची वाळू ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर वर गेलो. खिंडीत एकोणीस वळणं आहेत. मी मोजत होतो, आणि ती एका हाताने स्टिअरिंग फिरवत दुसऱ्या हाताने मला बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, देत होती. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव म्हणून ओरडलो, तेव्हा ती हसली.

कुरणावर पोचलो तर मेंढपाळांनी आधी मला घेरलं. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा, वाडगा हातात देऊन एकजण म्हणाला, "उस्ताद, आमच्या गाडीचं स्टिअरिंगही जड झालंय. जरा कान लावता?"

"कान लावीन," मी म्हणालो. "पण हात तिचा हवा. आणि काय झालंय ते तिलाच विचारा."

बुरुल मेंढ्यांच्या वाड्यात उभी होती. "आधी लसी," तिने तिथूनच सांगितलं. "गाडी जेवणानंतर. आणि तेल कसलं घातलंय ते आठवून ठेवा."

"बरं, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला आणि मेंढ्या धरायला धावला.